सुतकातली भट्टी

गेरार्दाला नवरा मेल्याचं कळलं ते कोंबडीच्या रश्श्यावरून.

गुरुवारची सकाळ सरत आली होती. काठवटीवर चाळण धरून ती पीठ चाळत उभी होती. बन्सी गव्हाचं, पिवळसर, बोटांना रवाळ लागणारं पीठ. शनिवारी पाव भाजायचे होते, त्यासाठी शुक्रवारी आंबवण आणायचं होतं, आणि या आठवड्यात वार तिचा होता. तेवढ्यात समोरच्या घरातली ब्रिजिदा दार ढकलून आत आली. अंगात काळा झगा, हातात फडक्याने झाकलेलं पातेलं, आणि चेहरा असा ओढलेला की दाढ दुखत असावी.

"कुम्मा गेरार्दा," ती म्हणाली, "गरम आहे तोवर दोन घास खाऊन घे. मन नको म्हणेल, पण खा."

पिएत्राफेर्मा गावात बायका एकमेकींना कुम्माच, म्हणजे सखीच म्हणतात, पटत असो वा नसो. तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते पातेल्यात. गेरार्दाने फडकं उचललं. कोंबडीचा रस्सा, त्यात बारीक शेवया. या गावात कोणी कोणाकडे उगीच कोंबडीचा रस्सा नेत नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय आणि ज्या घराची चूल बंद आहे, तिथेच तो जातो.

"घर चुकलीस," गेरार्दा म्हणाली. "कोण गेलं?"

ब्रिजिदाचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... वितीना तुझ्याकडे आली नाही अजून?"

"कोण गेलं, ब्रिजिदा?"

"कानियो."

चाळण थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"तो कधीच गेला. आता काय झालं ते सांग."

"मेला गं. सोमवारी. तिकडेच, बेल्जियमला. पुरूनसुद्धा झालं. वितीनाला आज उजाडताच फोन आला तिथल्या... तिथून. मला वाटलं, तुला आधी सांगितलं असणार. ती मला म्हणाली, मी फादरकडे जातेय, तू रश्श्याचं बघ."

"आणि तू लगेच कोंबडी कापलीस."

"मग? रीत आहे."

"म्हणजे कोंबडीला माझ्या आधी कळलं," गेरार्दा म्हणाली.

ब्रिजिदाला हसू येऊ पाहत होतं, ते तिने महत्प्रयासाने गिळलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते गेरार्दाच्या चेहऱ्यावर त्या घडीला कोणीही पाहून घ्यावं. नवरा मेल्याचं दुःख त्यात शोधू नका, नव्हतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक, पाद्र्याला ठाऊक, खुराड्यातल्या कोंबडीला ठाऊक, आणि जिच्या नावाने हा सगळा तमाशा चाललाय ती पीठ चाळतेय!

"पातेलं उचल," ती म्हणाली. "वितीनाकडे ने. भाऊ तिचा गेलाय."

"अगं, पण विधवा तू—"

"उचल म्हटलं ना!"

आता ही गेरार्दा कोण, ते सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल बाई दगडाच्या काळजाची होती.

लग्न झालं तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची. कानियो दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, कामाला मात्र यथातथाच. मुलगी रांगायला लागली आणि तो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत गेला. त्या काळी निम्मं गाव जात होतं, त्यात नवल नव्हतं. दोन उन्हाळे आला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्याऐवजी कॉफीचा डबा आला. मग डबाही बंद झाला. खाणीतून परतलेले पुरुष चौकात पत्ते खेळताना बोलायचे, की कानियोने तिकडे बाई ठेवलीय, दोन पोरगेही आहेत. गेरार्दा जवळून गेली की गप्प व्हायचे. सगळ्या गावाला माहीत, आणि गावातलं एकही माणूस तिच्या तोंडावर बोलणार नाही. बोललं नाही म्हणजे घडलं नाही, अशी त्या लोकांची समजूत.

बोलायचे ते दुसरंच. म्हणजे बोलायची ती वितीना, कानियोची थोरली बहीण. उंच, वाळकी, कमरेला किल्ल्या. गेरार्दाने एकदा संत रोक्कोच्या जत्रेसाठी निळ्या फुलांचं कापड आणून झगा शिवला, तर ही दारात उभी राहून म्हणाली, "नवरा परदेशात घाम गाळतोय, आणि तू नटतेस कोणासाठी?" जत्रेत सवाष्णी नवऱ्यासोबत नाचायच्या, विधवा बाकावर बसून त्यांना नावं ठेवायच्या. गेरार्दाला दोन्हीकडे जागा नव्हती. ती लिंबू सरबताच्या गाडीपाशी उभी राहायची आणि घरी यायची.

गेरार्दा रडत मात्र बसली नाही. बदाम झोडले, ऑलिव्ह वेचले, शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली घासली. मुलीला शिकवलं, ती बोलोन्याला नोकरीला लागली. मुलीचं नाव दोनाता. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची या लोकांची रीत. कानियोचे वडील दोनातो, मुलगा झाला नाही, म्हणून मुलीची दोनाता केली.

आणि ती पाव भाजायची. गल्लीतल्या चार घरांनी घरच्या भट्ट्या मोडल्या नव्हत्या. बाकीचे सगळे बेकरीतले भुसभुशीत पाव खाऊन सुखी होते. या चार घरांत आंबवण एकच. विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं, तसं हे जायचं. जिचा वार असेल तिने आदल्या घरातून वाडगं आणायचं, त्याला पीठपाणी घालून वाढवायचं, पाव करायचे, मूठभर गोळा बाजूला काढून त्यावर क्रूस कोरायचा, वरून तेलाचं बोट फिरवायचं आणि पुढची येईपर्यंत सांभाळायचं. वितीनाकडून गेरार्दाकडे, गेरार्दाकडून ब्रिजिदाकडे, तिच्याकडून गल्लीच्या टोकाच्या म्हातारीकडे आणि पुन्हा वितीनाकडे. भांडण असलं तरी वाडगं अडवायचं नाही. तोंडं फिरवून द्या हवं तर, पण द्या.

मळलेल्या कणकेवर ब्लँकेट घालायचं आणि त्यावर घरच्या पुरुषाचा लोकरी कोट, म्हणजे कणीक लवकर फुगते, असं या बायका मानतात. त्यावर त्यांचे जे विनोद चालतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. गेरार्दाही कित्येक वर्षं कानियोचा कोट घालायची. कणीक फुगायची नाही ती नाहीच. एक दिवस तिने तो कोट बागेतल्या बुजगावण्याला चढवला आणि कणकेवर स्वतःची शाल टाकली. पाव असे टम्म फुगले की ब्रिजिदा म्हणाली, "कुम्मा, घरातला पुरुष तूच दिसतेस!"

एवढं सगळं चाललं असताना एकदा तिच्या भट्टीचा घुमट खचला. तो बांधायला शेजारच्या गावचा सावेरियो नावाचा गवंडी आला. बायको वारलेली, बोलणं कमी, हात चांगला. घुमट बांधायला आठवडा पुरला असता, त्याने महिना लावला. जाताना म्हणाला, आता कायदा झालाय, मोकळं होता येतं, विचार करा. गेरार्दाने विचार केलाही. पण वितीनाला वास लागला. ती आली, खुर्चीत बसली आणि रडली. रडली बरं का! "आमच्या घरात घटस्फोट? माझे वडील कबरीत उठून बसतील. अगं, तो येणार आहे. माझं बोलणं होतं त्याच्याशी. यंदा नाही तर पुढच्या वर्षी." गेरार्दाने सावेरियोला नाही म्हणून सांगितलं. त्याने पुढे दुसरीकडे लग्न केलं, चांगलं चाललं त्याचं. घुमटही उत्तम चालला, कुठे तडा नाही, आच शेवटपर्यंत सारखी. भट्टी पेटवली की दर खेपेला ती घुमटाकडे बघून एक शिवी द्यायची. कोणाला, ते तिचं तिला ठाऊक.

तर असं. आणि आता तो मेला होता.

दुपारी वितीना आली. पायापासून डोक्यापर्यंत काळी, हातात काळ्या कापडाची लांब पट्टी. दारावर ठोकायला.

"वन्सं," गेरार्दा म्हणाली, "बातमी सांगायला आलात की खिळे ठोकायला?"

"तुला धक्का बसेल म्हणून आधी फादरना सांगून आले."

"आणि ब्रिजिदाला? तिचं काळीज काय दगडाचं आहे?"

वितीनाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ऐकलं नाही असं दाखवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती थेट भट्टीपाशी गेली आणि तिच्या तोंडाची लोखंडी झडप घट्ट लावून टाकली. "चूल आठ दिवस बंद. भट्टी महिनाभर. रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा आहे, पहिल्या बाकावर तू बसायचं. ही पट्टी दारावर. आणि तो निळा झगा कोणाला तरी देऊन टाक, आता लागायचा नाही."

"कधीपर्यंत?"

"काय कधीपर्यंत?"

"काळं. कधीपर्यंत घालायचं?"

"विधवा कधीपर्यंत घालतात?" वितीना म्हणाली. "मरेपर्यंत."

हेच ते. गेरार्दाला सगळं कळत होतं. एकदा का भट्टी विझली, एकदा का दारावर पट्टी लागली, की गाव तिच्या अंगावर काळं चढवणार आणि ते पुन्हा उतरणार नाही. ज्याने तिला बायको म्हणून वागवलं नाही, तो मेल्यावर ती त्याची पक्की बायको होणार. आजवर ती अधांतरी लटकली होती, तेही एक वेळ चाललं असतं. पण हे? अंगात बळ आहे, हात चालताहेत, पुढची वीस-पंचवीस वर्षं पडलीत, ती सगळी त्या कोटवाल्याच्या नावाने घालवायची?

"मी शनिवारी पाव भाजणार आहे," ती म्हणाली. "उद्या आंबवण न्यायला येते."

"सुतकाच्या घरात आंबवण जात नाही. मरतं ते. तुझा वार या खेपेला चुकला. मी ब्रिजिदाला देईन."

"माझा वार चुकत नाही, वन्सं. चुकायच्या होत्या त्या गोष्टी सगळ्या चुकून झाल्यात."

वितीना पट्टी टेबलावर ठेवून निघून गेली. गेरार्दाने तिचे दोन तुकडे केले आणि पातेली उचलायला फडकी केली. कापड चांगलं होतं.

शुक्रवारी ती वाडगं आणायला गेली. हवं तर ती दुकानातून यीस्टची पुडी आणू शकली असती, पण तो मुद्दाच नव्हता. पुडीतला पाव ज्याला करायचा त्याने करावा. तिला तिचा वार हवा होता.

वितीनाच्या बैठकीत भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या. बायका जपमाळ ओढत होत्या, ब्रिजिदा त्यांत होतीच. मधल्या टेबलावर कानियोचा लग्नातला फोटो, त्यातून गेरार्दाचा खांदा तेवढा कापून टाकायचा राहिला होता. गेरार्दा रोजच्या एप्रनमध्ये आत शिरली. माळा जरा मंदावल्या.

"वन्सं, आंबवण."

"आधी बस. देवाचं नाव घे."

"पीठ भिजवायचंय मला. देवालाही पाव लागतो."

"काल सांगितलं ना तुला," वितीना दुखऱ्या आवाजात म्हणाली. पाच-सहा जणी ऐकत होत्या, तेव्हा आवाज दुखरा असणं भागच होतं. "ज्या घरात मढं, त्या घरात आंबवण नाही."

"माझ्या घरात मढं कुठाय? या सगळ्या जणी, शोधा. पलंगाखाली बघा, पिंपात बघा. ज्याचं मढं झालं तो माझ्या घरात जिवंतपणीसुद्धा नव्हता."

एक बाई खोकली. खोकलाच असावा.

"सुतक नात्याचं असतं, गेरार्दा."

"बरं, नात्याचं. रडतंय कोण? तुम्ही. काळं कोणी घातलंय? तुम्ही. पाठचा भाऊ कोणाचा? तुमचा. मग सुतक या घरात. आणि या घराच्या कपाटात आंबवण कसं काय जिवंत राहिलं?"

"हे बाकी खरंय हं," ब्रिजिदा पुटपुटली. तिच्याकडे वितीनाने असं बघितलं की तिने दोन मणी एकदम ओढले.

"लग्न झालेल्या बहिणीचं सुतक कपड्यांचं," वितीना म्हणाली. आता आवाजातला दुखरेपणा गेला होता. तिला कोणी रीत शिकवलेली खपत नसे. "चुलीचं सुतक बायकोचं. पूर्वापार असंच आहे. बायकोची चूल आठ दिवस थंड राहिली पाहिजे, नाहीतर मेलेल्याच्या जिवाला वाट मिळत नाही. मी ओदेतलासुद्धा फोनवर हेच बजावलं, की बाई गं, आठ दिवस चुलीला—"

ती थांबली. माळा थांबल्या. बाहेर कोणाचं तरी गाढव ओरडत होतं, तेवढाच आवाज.

"कोणाला?" गेरार्दाने विचारलं.

वितीना टेबलावरचा फोटो सरळ करू लागली.

"कोणाला बजावलं म्हणालात?"

"ओदेत म्हणाली ती," ब्रिजिदा म्हणाली. तिने लागलीच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आणि खरं सांगायचं तर तिथे बसलेल्या एकीलाही तिने गप्प राहिलेलं नको होतं.

"म्हणजे तिचं नाव ओदेत," गेरार्दा म्हणाली. इतक्या वर्षांत ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं. "तिला चूल बंद ठेवायला सांगितलीत. का? ती कोण त्याची?"

"ती... तिथली."

"आणि मी?"

"तू देवासमोरची."

"एका माणसासाठी दोन चुली विझवायला निघालात होय! बरं, तिकडे शेजारणी जेवण आणून देतात का? तिने आणि तिच्या पोरांनी आठ दिवस काय कोळसे खायचे?" गेरार्दाचा आवाज आता गल्लीच्या टोकाच्या म्हातारीलाही ऐकू जात असावा, आणि ती ठार बहिरी होती. "आणि बोलणं केव्हापासून चालू आहे तुझं तिच्याशी? वितीना, तुला विचारतेय!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने नणंदेला तू म्हटलं. खुर्च्या करकरल्या.

"नाताळला फोन करते ती," वितीना म्हणाली. "माणुसकीने. बोलू नको तर काय करू? माझ्या भावाची पोरं आहेत."

"नावं काय पोरांची?"

"कशाला हवीत तुला?"

"नावं सांग."

"धाकटा मिशेल," वितीना जमिनीकडे बघत म्हणाली. "थोरला दोनातो."

आता मात्र कोणी खोकलंही नाही. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईच्या घरात ती नावाची रीत होती. एका घरात आजोबांचं नाव चालवणारं पहिलं मूल एकच असतं. इथे दोनाता असताना त्याने तेच नाव पुन्हा ठेवलं, म्हणजे त्याच्या हिशेबात पहिली झालीच नव्हती. आणि त्याच्या बहिणीने नाताळच्या नाताळ त्या नावाच्या पोराची खुशाली विचारली, आणि इकडे येऊन गेरार्दाच्या खुर्चीत बसून ती रडली, की तो येणार आहे.

"मला म्हणालीस यंदा नाही तर पुढच्या वर्षी," गेरार्दा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "तो गवंडी दारात उभा होता तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं."

"घराची अब्रू—"

"अब्रूची चूल तू पेटव आणि तू विझव. माझी माझ्याकडे राहू दे."

तिने कपाट उघडलं. वाडगं मागच्या बाजूला, बरण्यांच्या आड सरकवलेलं होतं. झाकण काढलं, तर वर राखाडी साल धरलेली, क्रूस पुसून गेलेला. आठवड्यात त्याला कोणी एकदाही चिमूटभर पीठ घातलं नव्हतं. नाकाशी नेलं. शिरक्याचा भपकारा आला, पण सालीखाली बोट घातलं तर आत बुडबुडे होते.

"ते घेऊन उंबरा ओलांडलास तर या घराशी तुझा संबंध संपला," वितीना उभी राहून म्हणाली.

"संबंध ज्याच्यामुळे होता त्याला पुरून झालं," गेरार्दा म्हणाली आणि वाडगं एप्रनखाली धरून बाहेर पडली.

आंबवणाला तिने कोमट पाणी दिलं, पीठ दिलं, संध्याकाळी पुन्हा दिलं. ते आधी रुसल्यासारखं पडून राहिलं, मग वाडग्याच्या काठापर्यंत आलं. शनिवारी उजाडताच तिने कणीक मळायला घेतली. एवढी कणीक मळायची तर एरवी ती मध्ये दोनदा टेकते. आज टेकली नाही. मुठी आवळून, मनगटांनी, दोन्ही हातांनी गोळा काठवटीवर आपटत ती मळत राहिली. प्रत्येक आपटण्याला कोणाचं तरी नाव होतं. कानियो. वितीना. चौकातले पत्तेवाले. तो पाद्री. मग सगळी नावं संपली तरी हात चालूच होते, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता ती जे नाव घेतेय ते स्वतःचं आहे. का ऐकलंस? कोणी दोरीने बांधलं होतं का? डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेवढ्यात ब्रिजिदा डोकावली.

"रडलीस एकदाची! बरं झालं, मोकळं व्हावं माणसाने—"

"रागाने रडतेय, मूर्खासारखं बोलू नको. काटक्या आत आण."

ब्रिजिदाने ऑलिव्हच्या छाटलेल्या काटक्यांची मोळी आत आणली. बोलायचं बरंच होतं तिला, पण आज तिने तोंड मिटून काम केलं, हेच तिचं क्षमा मागणं. भट्टी पेटली. घुमट आधी काजळला, मग आच चढत गेली तसा काळेपणा जळून दगड पांढरे झाले. निखारे कडेला ओढले, ओल्या कुंच्याने फरशी झाडली, चिमूटभर पीठ आत टाकलं. ते बदामी झालं, जळलं नाही. गेरार्दाने गोळ्यांवर सुरीने क्रूस मारले आणि लाकडी फावड्यावरून एकेक आत सारला. मोठाले, घरातल्या माणसांना आठवडा पुरतील असे. आज दुसरी खेपही होती. एवढ्या पावाचं काय करणार, असं ब्रिजिदाने विचारलं नाही. गल्लीत वास पसरायला हवा होता, हे तिलाही कळत होतं.

आणि तो पसरला. सुतकाच्या घरातून ताज्या पावाचा वास, असं पिएत्राफेर्मात कोणी कधी हुंगलं नव्हतं. खिडक्या उघडल्या. कोणीतरी "शी" म्हणालं. कोणीतरी म्हणालं, "काय बाई भाजलाय!" दोन्ही गोष्टी एकाच खिडकीतून आल्या असतील तरी नवल नाही.

पहिली खेप निघाली. गेरार्दाने एक पाव उचलून बुडाशी टिचकी मारली, पोकळ आवाज आला. गार व्हायची वाट न बघता तिने तो छातीशी धरला, सुरी स्वतःकडे ओढत जाड काप काढला आणि ब्रिजिदाला दिला. बाजूला काढलेल्या गोळ्यावर क्रूस कोरून वाडगंही पुढे सरकवलं. "पुढचा वार तुझा."

ब्रिजिदा कडक साल चावत म्हणाली, "एक सांगू? मला त्या बेल्जियमवालीचं वाईट वाटतंय. आपण निदान आपल्या माणसांत. ती बिचारी तिकडे थंडीत, चूल बंद करून बसली असेल, वितीनाच्या धाकाने."

गेरार्दाने सुरी खाली ठेवली. दुसरी खेप आत सारली, झडप लावली. मग पिठाच्या हातांनी तशीच गल्ली चढून वितीनाच्या घरात शिरली. वितीना एकटीच होती. गल्लीत फोन तेवढा तिच्याकडेच होता, भिंतीला, विणलेल्या रुमालाखाली.

"लाव," गेरार्दा म्हणाली.

"काय?"

"त्या ओदेतला फोन लाव. नाहीतर खिडकीत उभी राहून नंबर विचारते, सगळी गल्ली ऐकतेच आहे."

वितीनाने लावला. नंबर तिला पाठ होता. गेरार्दाने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, काळ्या रिसीव्हरवर पांढरी बोटं उमटली.

पलीकडून बाईचा आवाज आला. भाषा याच डोंगरातली, चौकातल्या पुरुषांची, फक्त तिचा हेल परदेशी. कानियोकडूनच शिकली असणार, दुसरं कोण शिकवणार?

"मी गेरार्दा. पिएत्राफेर्माहून."

"तुमचा आवाज मोठा आहे. तो म्हणायचा."

"तो खोटारडा होता, पण हे खरंय. चूल पेटवलीस का?"

"काय?"

"चूल! आठ दिवस बंद ठेव म्हणून सांगितलंय ना तुला वितीनाने? तिचं अजिबात ऐकू नको. पेटव आणि पोरांना खायला घाल. त्याच्या जिवाला वाट मिळो न मिळो. त्याला वाटा बऱ्या सापडायच्या."

ती बाई हसली की काय, कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"पेटवली हो," ती म्हणाली. "त्याला पुरून आलो आणि बटाटे उकडायला टाकले. पोरं भुकेली होती. ताईंना मी हो म्हटलं. त्या काही सांगतात, मी हो म्हणते. पहिल्यापासून असंच. मग मला हवं ते करते."

गेरार्दाने रिसीव्हर जागेवर ठेवला. भट्टीत दुसरी खेप होती, ती करपायच्या आत जायला हवं होतं, पण पाय उचलेना.

"काय म्हणाली?" वितीनाने विचारलं. आता ती खरंच म्हातारी दिसत होती.

"म्हणाली, ताईंना नुसतं हो म्हणायचं असतं. करायचं काहीच नसतं," गेरार्दा म्हणाली. "ते मला कोणी आधी सांगितलंच नाही."